चंबाचा थंड पलंग

एप्रिलच्या अठ्ठावीस तारखेला दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी आमच्या त्रिमूर्तीनगरातील वीज गेली, आणि तीन वाजून पाच मिनिटांनी चंबा मागच्या पायांवर बसला तो उठेना. जीभ बाहेर लोंबत होती आणि तिचा रंग जांभळट झाला होता. माझी पत्नी देवकी हिने त्याच्यावर बादलीभर पाणी ओतले. शेजारच्या नत्थूजींनी आपली गाडी काढली. पशुवैद्य डॉक्टर सोनिका यांनी त्याला सलाइन लावले, संध्याकाळपर्यंत ठेवून घेतले आणि निघताना मला बाजूला बोलावून सांगितले, "या वेळी वाचला. पुन्हा असं झालं, तर मी शब्द देणार नाही."

चंबा हा हिमाचलातील मेंढपाळांच्या जातीचा कुत्रा. आमचा मुलगा मोहित तिकडे बोगद्याच्या कामावर असताना त्याने हे पिल्लू आणले, आणि चेन्नईला बदली झाल्यावर ते आमच्याकडे ठेवले. आज त्याचे वजन बेचाळीस किलो आहे. अंगावर केसांचे दोन थर आहेत: वरचा लांब आणि राठ, आतला कापसासारखा दाट. केस कापून टाकावेत असे मी सुचवले होते. डॉक्टरांनी नकार दिला. तोच थर उन्हापासून त्याचे रक्षणही करतो, असे त्यांचे म्हणणे.

घरात एसी आहे, कूलरही आहे. परंतु मे महिन्यात दुपारी सगळी वस्ती एकाच वेळी यंत्रे लावते, ट्रान्सफॉर्मर तो भार सोसत नाही, आणि वीज तासभर, कधी दोन तास जाते. इन्व्हर्टरवर पंखा चालतो. पण बंद घरातली तापलेली हवा पंख्याने फिरवून काय साधणार? प्रश्न त्या दोन तासांचा होता.

मोहितने फोनवरच निर्णय घेतला. गोकुळपेठेत कृष्णकांत नावाच्या गृहस्थाचे पाळीव प्राण्यांच्या सामानाचे दुकान आहे. त्याची चिखलदऱ्याला थोडी जमीन असून तिथे तो अशी थंड प्रदेशातील कुत्री ठेवतो. चंबाला कायमचे तिथे पाठवायचे. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापलेले नऊ दिवस, पंचवीस मेला लागतो. त्याच्या आदल्या दिवशी, चोवीसला सकाळी दहा वाजता, कृष्णकांतची गाडी येईल.

देवकी त्या दिवशी जेवली नाही. मी मोहितला पुन्हा फोन केला.

"चोवीसच्या आत मी विजेशिवाय चालणारी सोय केली, तर?"

"बाबा, सोय म्हणजे काय, ते आकड्यांत सांगा. आईच्या रडण्यावर ठरवू नका."

आकडा मी डॉक्टरांकडून घेतला. दोन तास वीज नसताना चंबाच्या अंगाचे तापमान साडेएकोणचाळीस अंशांच्या वर जाता कामा नये. मोहितने तो मान्य केला. माझ्या हाती तीन आठवडे होते.

माझी नोकरी कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत, कूलरचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात झाली. तंत्रनिकेतनातून बाहेर पडलो तो तिथल्या तपासणी विभागात रुजू झालो आणि एकतीस वर्षे बाहेरून येणारा माल तपासला. त्या कामात एक गोष्ट हाडीमांसी खिळते. माल देणारा माणूस जे सांगतो ते ऐकून घ्यावे, आणि मग ते त्याने सांगितलेच नाही असे समजून मोजायला बसावे.

पलंगांची माहिती मी आठवडाभर गोळा केली. बाजारात मुख्यतः जेलच्या चटया मिळतात. जनावर वर बसले की चटई त्याची उष्णता शोषून घेते. पण शोषलेली उष्णता तिने पुढे कुठे टाकायची? खोलीच अडतीस अंशांवर असेल, तर चटई स्वतःच आधी तापलेली असणार. दोन दुकानांत मी तारेचा थर्मामीटर लावून पाहिले. अर्ध्या तासात चटई आणि माझा तळहात सारखेच गरम झाले.

दुसरा प्रकार पाणी पिणाऱ्या कापडाच्या पलंगाचा. चार पायांवर वीतभर उंच चौकट, तिच्यावर जाड कापड ताणलेले. कापड ओले करायचे. ते सुकताना थंड राहते. कोरड्या नागपुरी हवेसाठी हेच तत्त्व योग्य होते. अडचण एकच होती. असा पलंग सबंध शहरात मला एकाच दुकानात मिळाला, आणि ते दुकान कृष्णकांतचे होते.

ही गोष्ट नत्थूजींना सांगितल्यावर ते कुंपणावर हात ठेवून हसले. नत्थूजी एस.टी.चे निवृत्त चालक; कोणाविषयीही चांगले बोलायला त्यांना फारसे आवडत नाही.

"म्हणजे ज्याले तुमचा कुत्रा पाहिजे, त्यालेच तुम्ही कुत्रा वाचवाची वस्तू मागून राहिले?"

"त्याला कुत्रा कशाला पाहिजे असेल?"

"कायले म्हणजे? पिल्लं विकते तो. असा अस्सल पहाडी नर इकडं कुठं भेटते गा वामनराव? फुकटात भेटून राहिला त्याले."

हे माझ्या मनात आधी आले नव्हते. आल्यावर मात्र ते गेले नाही.

एकोणीस मेला मी दुकानात गेलो. कृष्णकांत चाळिशीचा, गोल चेहऱ्याचा, तोंडात सतत बडीशेप. त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिले आणि पहिल्याच वाक्यात जेलच्या चटया पुढे केल्या.

"काकाजी, जेल घ्या न. सारे तेच नेऊन राहिले."

"मला पाण्याचा पलंग पाहायचा आहे."

"तो? तो जास्त चालत नाही. लोकायले पाणी टाकाचा कंटाळा येते. मग म्हणतात, थंडा नाही होत."

जे उपयोगी तेच तो विकायला नाखूश आहे, याची मी मनात नोंद केली. दुकानाच्या कोपऱ्यात तसा एक पलंग मांडून ठेवलेला होता. त्याच्यावर एक मांजर झोपली होती. मांजर उठवून मी थर्मामीटर लावला. बाहेर चव्वेचाळीस, दुकानात एकतीस आणि कापडावर चोवीस. एवढा फरक मला पटला.

"हाच द्या," मी म्हणालो.

"हा नाही देता येत. हा डिस्प्लेचा आहे. तुम्हाले पॅक पीस देतो न, सीलबंद."

"पण मी तपासला तो हा आहे."

"काकाजी, दोन्ही एकाच खोक्यातले आहेत. मांजरीच्या केसांचा घेऊन काय करता?"

कारखान्यातही असेच व्हायचे. तपासणीला एक नमुना यायचा आणि मागाहून ट्रकमधून वेगळाच माल उतरायचा. मी परत करण्याची अट विचारली. कृष्णकांतने नव्या, सीलबंद पलंगाच्या तळाशी चिकटवलेले लाल सील दाखवले. तळाला चौकटभर एक पातळ पारदर्शक फिल्म ताणलेली होती आणि सील तिच्यावर होते. सील शाबूत असेल तर आठ दिवसांत बदलून मिळेल. फाटले तर नाही.

घरी मी वरची फिल्म काढली. सोबतच्या कागदावर दोन्ही फिल्म काढाव्यात असे छापलेले होते. तळाची मात्र मी ठेवली. ती ठेवण्यात विसरभोळेपणा नव्हता. सील फोडले की पुरावा संपला. पुरवठादार हात वर करतो आणि सदोष माल आपल्या गळ्यात पडतो, हे मी इतक्या वेळा पाहिले होते की पसंतीआधी सील फोडणे मला अंगावरचे कपडे काढून रस्त्यावर उभे राहण्यासारखे वाटत असे. शिवाय पाणी सुकते ते वरच्या अंगाने. तळाच्या फिल्ममुळे फरशीवर गळणार नाही, एवढाच परिणाम होईल, असा मी हिशेब मांडला.

रिकामा पलंग, मेन स्विच बंद, खोली सदतीस अंशांवर: कापड सव्वीस. त्यावर गरम पाण्याची लहानशी रबरी पिशवी ठेवून पाहिली: साडेसत्तावीस. मी वहीत दोन्ही आकडे लिहिले आणि देवकीला हाक मारली.

चंबा पलंगाजवळ आला, वास घेतला आणि न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर जाऊन पसरला. ओली फरशी त्याला दहा मिनिटेच पुरते, हे आम्हाला एप्रिलमध्ये कळले होते. देवकीने ताकभाताची वाटी पलंगाच्या मधोमध ठेवली.

"ये रे माह्या राजा. ये. हे पाय ठेव. असा!"

त्याने भात खाल्ला आणि तिथेच बसला. कापड त्याच्या वजनाने जरा खाली झुकले. देवकीने माझ्याकडे अशा काही आनंदाने पाहिले की मी थर्मामीटरच्या तारेकडे नजर वळवली.

वीस मेला वीज दोन वाजता गेली. पहिली दहा मिनिटे चंबा शांत होता. वीस मिनिटांनी जीभ बाहेर आली. चाळिसाव्या मिनिटाला त्याच्या पोटाखालचे कापड पस्तीस अंशांवर गेले होते. तो उठला, दोनदा गोल फिरला आणि न्हाणीघरात गेला. दुसऱ्या तासाच्या शेवटी अंगाचे तापमान एकोणचाळीस पूर्णांक नऊ होते. मी ओले टॉवेल घातले आणि डॉक्टरांना फोन लावायच्या तयारीत बसून राहिलो. तेवढ्यात वीज आली.

एकवीसला वीज गेली नाही. मी स्वतः मेन बंद केला. निकाल जवळपास तोच आला.

रिकामा असताना सव्वीस आणि कुत्रा बसला की पस्तीस. पाणी धरून ठेवणारा थर आत निकृष्ट असणार. ओझे पडताच तो चिपाडासारखा दबत असणार. दुकानातील नमुना चांगला आणि खोक्यातला माल हलका. मी कृष्णकांतला फोन केला.

"पाणी बरोबर टाकलं का काकाजी? पूर्ण भिजलं पाहिजे."

"तीन मग टाकले. मोजून."

"मग झालं पाहिजे न. पाहा अजून एखाद दिवस." त्यानंतर त्याने जे जोडले, ते मी तारखेसकट लिहून ठेवले. "आणि नाहीच जमलं तर टेन्शन घेऊ नका. गाडी चोवीसले दहा वाजता येतेच आहे. चिखलदऱ्याले मस्त राहील तो."

मी फोन ठेवला. देवकी दारात उभी होती.

"काय म्हणते?"

"अजून एक दिवस पाहा म्हणतो. त्याला दिवसच घालवायचे आहेत. चोवीस तारीख उजाडली की त्याचे काम झाले."

"तुम्हाले साऱ्या दुनियेत चोरच दिसतात. तो खोटा आहे का खरा आहे, हे मले नाही माहीत. पण हे जनावर दोन दिवसांपासून तुमच्यासमोर तापून राहिलं, आणि तुम्ही लिहून राहिले. असंच एक दिवस मरून जाईल तो, तुमच्या वहीत."

"लिहिले नाही तर सिद्ध कसे होणार?"

"कोनासमोर सिद्ध कराचं आहे? त्याले?" तिने चंबाकडे बोट केले आणि आत निघून गेली.

बावीसला सकाळी कृष्णकांत दुकानात नसेल अशा वेळी मी तिथे गेलो. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून त्याची स्कूटर जाईपर्यंत मी थांबलो होतो, हे मान्य करायला हवे. गल्ल्यावर त्याची पत्नी मिनल होती. मी तिला नमुन्याच्या पलंगावर वजन ठेवून पाहायची परवानगी मागितली. तिने मांजर उचलून कडेवर घेतली. श्वानखाद्याच्या वीस किलोच्या दोन पिशव्या मी एकावर एक ठेवल्या, मध्ये थर्मामीटरची तार सरकवली आणि चाळीस मिनिटे स्टुलावर बसून राहिलो.

"काका, काय मोजून राहिले तुम्ही?" चहा पुढे करत तिने विचारले.

"काही नाही. सवय आहे."

"आमच्या ह्यांनी सांगितलं होतं, एक काका येतील, मोजतील. मोजू दे म्हणे."

चाळीस मिनिटांनी पिशव्यांखालचे कापड पंचवीसच्या वर गेलेले नव्हते. माझा कप हातातच निवला. चाळीस किलोंखाली नमुना थंड राहतो, आणि बेचाळीस किलोंखाली माझा पलंग पस्तिसावर जातो. आता शंकेला जागा उरली नव्हती. त्याने मला दुसराच माल दिला होता, आणि तोही अशा बेताने, की बदलून घ्यायला वेळ राहू नये.

तेवीसला सकाळी ऑटोत पलंग घातला आणि साक्षीदार म्हणून नत्थूजींना बरोबर घेतले. त्यांनी त्यासाठी इस्त्रीचा सदरा घातला होता. दुकानात दोन गिऱ्हाइके होती. ती असावीत, हे माझ्या सोयीचेच होते. मी पलंग मधोमध ठेवला आणि वही उघडली.

"कृष्णकांत, तुमचा नमुना चाळीस किलोंखाली पंचवीस अंश दाखवतो. तुम्ही मला दिलेला पलंग पस्तीस दाखवतो. तारीख, वेळ, खोलीचे तापमान, सगळे येथे आहे. हे दोन पलंग एका मालातले नाहीत."

"एकाच खोक्यातले आहेत काकाजी, आईची शप्पथ."

"शपथ नको. बदलून द्या, किंवा सांगा की तुम्हाला कुत्रा हवा होता."

मिनलने मांजर खाली ठेवली. कृष्णकांत तोंडातली बडीशेप चावायचा थांबला, माझ्याकडे पाहिले, मग पलंगाकडे. तो खाली बसला आणि त्याने पलंग एका कुशीवर केला.

"हे काय आहे?"

"तुमचे सील. शाबूत आहे. पाहून घ्या."

"ते दिसून राहिलं. पण पन्नी काहून नाही काढली?"

"पाणी वरून सुकते. खालच्या फिल्मचा काय संबंध?"

"वरून कसं सुकंल?" त्याचा आवाज चढला. "वर तर कुत्रा बसला आहे न काकाजी! बेचाळीस किलोचं झाकण ठेवलं तुम्ही वरून. खालून पन्नी. मधात पाणी कोंडलं. सुकंल कुठून?"

त्याने कोपऱ्यातला नमुना उचलून माझ्यापुढे आडवा केला. त्याच्या तळाला फिल्म नव्हती. उघडे, ओलसर कापड. मी हात लावला. थंडावा बोटांना लगेच लागला.

रिकामा असताना, आणि लहानशा रबरी पिशवीखालीही, माझा पलंग वरून सुकत होता; पिशव्यांच्या ओझ्याखालचा नमुना खालून सुकत होता. प्रत्येक आकडा माझ्यासमोर आपापल्या जागी जाऊन बसला, आणि एकही आकडा खोटा नव्हता.

नत्थूजींनी घसा साफ केला. त्यांना साक्षीला आणल्याचा पश्चात्ताप मला त्याआधीच झाला होता.

"एकतीस वर्ष कूलर तपासले गा तुम्ही, वामनराव. त्याच्या गवताच्या ताट्यायवर पन्नी लावून कोनी हवा खाते का?"

गिऱ्हाइकांपैकी एक जण हसला. कृष्णकांत हसला नाही. तो हात पुसत उठला.

मी त्याला विचारले, "तुम्ही गप्प राहिला असता, तर उद्या कुत्रा तुम्हाला मिळाला असता. मग सांगितलेत का?"

"कुत्रा तर मले पाहिजेच होता. आजही पाहिजे. तुमच्या चंबासारखा नर शंभर कोसात नाही." त्याने पलंग सरळ केला. "पण पलंग मी विकतो न. तुम्ही साऱ्या त्रिमूर्तीनगरात सांगत फिरले असते, का कृष्णकांतचा पलंग बोगस हाय म्हणून. तुम्ही सांगता तर लोकं ऐकतात, वही दाखवून सांगता तुम्ही. आता घरी जा आणि फाडा ती पन्नी. पण फाडली का मग मी परत घेणार नाही. हे आत्ताच सांगून ठेवतो."

ऑटोत नत्थूजी बोलत होते. मी ऐकत नव्हतो. परतीच्या निम्म्या वाटेवर माझ्या मनात पुन्हा एक विचार उभा राहिला, आणि तो आला याची मला लाज वाटली तरी मी त्याला हाकलू शकलो नाही. सील फाटले की पुरावा गेला. हेच तर त्याला हवे नसेल? खालून उघडा करूनही पलंग तापला, तर उद्या दहा वाजता माझ्या हाती काय असेल? नमुन्याचा तळ उघडा होता हे खरे. पण आतला थर तोच होता हे मी कुठे पाहिले होते?

घरी आल्यावर मी पलंग कुशीवर करून त्याच्यासमोर बसलो. एक वाजला. चंबा माझ्या पाठीला टेकून बसला होता. त्याच्या धापेने माझा सदरा हलत होता. देवकीने जे झाले ते नत्थूजींकडून कुंपणावरूनच ऐकले होते. तिने भाजी चिरायची सुरी माझ्यापुढे धरली.

"फाडा."

"देवकी, हे फाडले की उद्या आपल्याला काही म्हणता येणार नाही."

"उद्या तो गेल्यावर काय म्हनाल तुम्ही? कोनाले म्हनाल?"

"मला थोडा विचार करू दे."

"बह्याड झाले का तुम्ही? एक दिवस राहिला! मीच फाडतो, सरका."

"नको," मी म्हणालो. "मी ठेवली, मीच काढतो."

सुरीचे टोक मी सीलच्या मधोमध टेकवले आणि दाबले. फिल्म एका बाजूने फाटत गेली आणि आत साठलेले चार दिवसांचे कोमट पाणी माझ्या मांडीवर सांडले. त्याला कुबट वास येत होता. म्हणजे एवढे पाणी इथे कोंडून पडले होते, आणि त्याच्यावर मी चंबाला बसवत होतो.

कापड धुतले, पुन्हा भिजवले, पलंग सरळ मांडला. दीड वाजता मी मेन स्विच बंद केला. बाहेर त्या दिवशी पंचेचाळीस होते.

चंबा यायला तयार नव्हता. या पलंगाने त्याला दोनदा भाजले होते. त्याचा संशय योग्यच होता. ताकभाताची वाटी त्याने लांबूनच पाहिली. देवकी वाकली, तिने पुढचे दोन्ही पाय उचलून वर ठेवले. त्याने ते काढून घेतले. शेवटी तीच पलंगाला लागून फरशीवर बसली आणि एक हात कापडावर पसरून ठेवला. पाच मिनिटे तिने तो हात हलवला नाही. मग चंबा उठला, तिच्या हाताचा वास घेतला, आणि हात तसाच असताना त्याच्यावर अंग टाकले.

दहा मिनिटे. वीस. मी तार सरकवली. पोटाखाली अठ्ठावीस. मी तळहात पलंगाखाली नेला. वरून बेचाळीस किलोंनी खाली झुकलेले कापड माझ्या हाताला टेकत होते, आणि ते गार होते. मिनिटाला एकदा एखादा थेंब मनगटावर पडत होता.

चाळीस मिनिटांनी एकोणतीस. जीभ तोंडात गेली होती. तासाभराने त्याने मान लांब करून पलंगाच्या चौकटीवर ठेवली आणि मागचा एक पाय ताणला. देवकीचा हात अजून त्याच्या खाली होता. बधिर झाला असेल, काढ, असे मी खुणेने सांगितले. तिने मान हलवली. साडेतीनला दोन तास पूर्ण झाले. अंगाचे तापमान एकोणचाळीस पूर्णांक दोन.

मी आतल्या खोलीत जाऊन मोहितला फोन लावला आणि आकडा सांगितला.

"किती वेळा घेतलंत रीडिंग?"

"एकदा."

"एकदा? बाबा, एका रीडिंगवर तुम्ही कधी काही पास केलंय?"

त्याचे बरोबर होते. एका आकड्यावर मी स्क्रूची पिशवीसुद्धा आत घेतली नसती.

"आईनं सांगायला लावलं का?" त्याने विचारले.

"नाही. मी सांगतो आहे. गाडी नको म्हणून कृष्णकांतला तूच कळव. वीज जाईल त्या प्रत्येक दुपारी मी घरी असेन आणि कापड ओले असेल. आणखी आकडे हवे असतील तर तेही देईन. पण ते चंबा इथे असताना."

"आणि एखाद्या दिवशी नाही उतरलं तापमान, तर?"

"तर मी डॉक्टरांकडे नेईन. चिखलदऱ्याला नाही."

तो "बरं" म्हणाला. त्याच्या आवाजात मला खात्री ऐकू आली नाही, आणि मलाही ती होती असे नाही.

बाहेर आलो तेव्हा देवकीच्या कपाळावरून घाम निथळत होता. पदराने पुसायला तिला एकच हात मोकळा होता. घरात एकोणचाळीस झाले होते. माझाही सदरा पाठीला चिकटला होता. मग माझ्या लक्षात आले की वीज गेलेलीच नाही. मेन मी बंद केलेला आहे. मी दाराशेजारच्या स्विचकडे निघालो.

"थांबा," देवकी हळूच म्हणाली. "कूलर धाडकन सुरू होते. आत्ताच झोपला तो."

मी परत येऊन तिच्या शेजारी फरशीवर बसलो. हातपंखा कपाटात होता. तो काढायला उठलो असतो तर कपाटाचे दार वाजले असते. पाचपर्यंत आम्ही दोघे तसेच बसून राहिलो.